गर्भगिरीच्या पायथ्याला ज्याच्या त्याच्या चालीची वाट

नगर जिल्ह्यात ‘डोंगरात जाऊ’ म्हटलं की गाड्या अकोले तालुक्याकडे वळतात. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, सांदण दरी ही सगळी नावं जिल्ह्याच्या पश्चिम टोकाची आहेत. पूर्वेकडच्या पाथर्डी तालुक्याचं नाव निघालं, तर ते दुष्काळ आणि ऊसतोडीच्या निमित्तानं. पण कल्याण–विशाखापट्टणम महामार्गानं करंजी घाट उतरून तिसगावला आलं की दक्षिणेला गर्भगिरीची रांग दिसते. बालाघाटाच्या डोंगरांचा हा फाटा आहे. पाठीवर मोठ्या पिशव्या आणि हातात काठ्या घेतलेले गिर्यारोहक इथं क्वचित येतात. पायी चालणाऱ्यांचा मात्र इथं कधी खंड पडत नाही. मढीला निघालेले नाथभक्त, नवरात्रात मोहटादेवीला अनवाणी जाणाऱ्या बाया, खांद्यावर कावड घेतलेली पोरं आणि मेंढरांमागचे धनगर, सगळे हाच डोंगर तुडवतात. सात वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी एकाच दिवशी चढतात अशी ही जागा आहे.

त्यामुळे डोंगराच्या पायथ्याशी सर्वांना झेपतील अशा वाटा कशा असाव्यात, हा प्रश्न तिसगावच्या परिसरात कागदावर सोडवायची गरज नाही. वाटा आहेतच, आणि त्या सोप्यापासून अवघडापर्यंत सगळ्या प्रकारच्या आहेत. कोणती वाट कुणाला, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी झेपेल, हे ठरवायची मोजपट्टी मात्र लागते.

पायऱ्यांचा डोंगर

गर्भगिरी समजून घ्यायचा तर खडकापासून सुरुवात करावी लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. हे सगळे थर एकसारखे नाहीत. काही घट्ट आणि काळेकभिन्न, तर काही सच्छिद्र, लवकर झिजणारे. पाणी आणि वारा मऊ थर आधी खातात, घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो. म्हणून इथला डोंगर एका दमात चढत नाही. थोडा उभा चढ, मग सपाटी, पुन्हा चढ, पुन्हा सपाटी, आणि वर पठार, अशी त्याची रचना असते. दोन थर मिळतात तिथं पाणी झिरपून बाहेर येतं. डोंगराच्या कुशीतली जुनी देवळं आणि कुंडं अशाच झऱ्यांजवळ वसलेली दिसतात. देवस्थान आणि पाणी यांची सोबत मुळात खडकामुळे आहे.

चालणाऱ्याला या रचनेचा फायदा होतो. सपाट टप्प्यावर श्वास परत मिळतो, आणि जिथं दम संपेल तिथून परत फिरता येतं. अर्ध्यातून फिरलं तरी पाहण्यासारखं काहीतरी पदरी पडलेलं असतं. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर ही सोय नसते.

पायाखालची जमीनही उंचीप्रमाणे बदलते. खाली शिवारात काळी माती, जी पावसात चपलेला किलो-किलोनं चिकटते. मधल्या उतारावर मुरूम आणि वर उघडा कातळ. या तिन्हींत फसवा असतो तो मुरूम. चढताना तो त्रास देत नाही, उतरताना मात्र ज्वारीच्या दाण्यांवर पाय ठेवल्यासारखा खालून सरकतो. डोंगरात पडणारे बहुतेक लोक उतरतानाच पडतात, कारण तेव्हा पाय थकलेले असतात, गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येत असतो आणि लक्ष घराकडे लागलेलं असतं.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. ही रांग जलविभाजक आहे. उत्तरेच्या उतारावरचं पाणी गोदावरीला मिळतं. दक्षिणेच्या उतारावरचं सीनेत, तिथून भीमेत आणि पुढं कृष्णेत जातं. माथ्यावर पाच पावलांच्या अंतरानं पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या नद्यांतून फिरून बंगालच्या उपसागरात पोचतात. तरीही या डोंगराच्या वाट्याला पाऊस कमीच येतो. घाटमाथ्यावरच्या घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, इथं पाचशे-सहाशेच्या आसपास. सह्याद्रीनं ढग आधीच रिकामे केलेले असतात.

या वाटा कुणी पाडल्या?

नाथपंथाच्या परंपरेत गर्भगिरीला मानाची जागा आहे. गोरक्षनाथांनी हा डोंगर सोन्याचा केला अशी कथा घरोघरी सांगितली जाते. कानिफनाथांची समाधी मढीला आहे. मच्छिंद्रनाथांची समाधी डोंगरापलीकडे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, सावरगावजवळ मायंबाला आहे. तिसगावच्या जवळच घाटशिरसच्या हद्दीत वृद्धेश्वर आहे. जुनी माणसं त्याला म्हातारदेव म्हणतात. या तीन ठिकाणांना जोडणाऱ्या पायवाटा कुणी आखून दिलेल्या नाहीत, शेकडो वर्षं चाललेल्या पायांनी त्या पाडल्या आहेत.

होळीपासून पाडव्यापर्यंत मढीची यात्रा चालते. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ, कैकाडी, वैदू, कोल्हाटी अशा कितीतरी जमाती वर्षातून एकदा इथं भेटतात. रंगपंचमीच्या सुमारास भरणारा गाढवांचा बाजार तर महाराष्ट्रभर ठाऊक आहे. काठेवाडी जनावराला इथं चांगला भाव येतो. डोंगरवाटांचा विषय निघाला की या जनावराचं नाव टाळता येत नाही. ओझं पाठीवर असलेलं गाढव कधी सरळ चढत नाही. ते आडवं जातं, वळतं, पुन्हा आडवं जातं, आणि शक्ती न घालवता माथा गाठतं. मेंढराच्या आणि बैलाच्या जुन्या वाटाही अशाच नागमोडी असतात. माणसानं मात्र देवाला लवकर पोचायच्या घाईत सरळ पायऱ्या बांधल्या. म्हणून याच डोंगरात म्हाताऱ्या गुडघ्याला पायऱ्यांपेक्षा जनावराची वाट कधीकधी जास्त मानवते.

फाल्गुनाच्या शेवटी पैठणहून गोदावरीचं पाणी घेऊन कावडी येतात आणि त्या पाण्यानं नाथांच्या समाधीला स्नान घालतात. सपाटीवरून डोंगराकडे येणाऱ्या कावडीला मोठा उभा चढ परवडत नाही, पाणी हिंदकळतं. त्यामुळे कावडीची वाट ही चढाच्या दृष्टीनं बहुतेक वेळा सगळ्यांत समजूतदार वाट असते.

अलीकडची आणखी एक वाट पाडणाऱ्यांची जमात म्हणजे पाणलोटाची कामं करणारे लोक. नगर जिल्हा राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांच्यामुळे या कामांसाठी ओळखला जातो. डोंगरउतारावर समान पातळीवर खोदलेले लांबच लांब चर जिल्ह्यातल्या अनेक टेकड्यांवर दिसतात. त्यांना सलग समपातळी चर म्हणतात. पातळी एकच असल्यामुळे चराच्या कडेनं चालताना चढ जवळजवळ लागत नाही. डोंगराच्या अंगावर असूनही सपाट चालायला मिळतं, आणि नवशिक्याला याहून चांगली वाट नाही. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. चराच्या खालच्या अंगाला मातीचा जो बांध असतो त्यावरून चालू नये, त्याच्या खालून चालावं. बांध तुडवला की तो एका जागी फुटतो, पहिल्याच वळवात पाणी तिथून सुटतं आणि सगळ्या चराची मेहनत ओघळीत वाहून जाते.

झेपेल की नाही, कसं ठरवायचं?

आपल्याकडे वाटेची चौकशी करताना एकच प्रश्न विचारतात, ‘किती किलोमीटर?’ खरं तर एवढ्यावरून काहीच कळत नाही. चार गोष्टी विचाराव्या लागतात.

पहिली, चढ किती. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो आजही वापरला जातो. सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्त. समजा वाट सहा किलोमीटरची आहे आणि चढ दोनशे मीटरचा. अंतराची बहात्तर मिनिटं, चढाची वीस, म्हणजे साधारण दीड तास. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा वेळ झाला. लहान मुलं, वयस्क किंवा सवय नसलेले लोक सोबत असतील तर तो दुप्पट धरावा. गटाचा वेग सगळ्यांत मागच्या माणसाचा असतो, हे आधीच ठरवून टाकलं की वाटेत रुसवेफुगवे होत नाहीत.

दुसरी, चढ कसा. सार्वजनिक इमारतींत चाकाच्या खुर्चीसाठी जो उतार बांधतात, तो बारा फुटांना एक फूट याहून जास्त उभा नसावा असं मानक आहे. पायऱ्यांवर आपण साधारण दोन फूट पुढं जाताना एक फूट वर जातो. या दोन टोकांच्या मध्ये सगळ्या पायवाटा बसतात. गाडीरस्ता पहिल्या टोकाजवळ, मुरमाड उतार मध्यावर आणि खिंडीतली वाट दुसऱ्या टोकाजवळ.

तिसरी, पायाखाली काय आहे. डांबर, फरशी, माती, मुरूम की कातळ?

चौथी आणि इथली सगळ्यांत मोठी, सावली आणि पाणी किती. सह्याद्रीत वाट अवघड होते ती उंचीनं आणि निसरड्यानं. गर्भगिरीत ती अवघड होते उन्हानं. एक किलोमीटर उंच गेलं तर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे दोनशे मीटर चढून जेमतेम सव्वा अंशाचा दिलासा मिळतो, आणि काळा कातळ तेवढाही शिल्लक ठेवत नाही. त्यामुळे डिसेंबरात पोरांना खेळवत नेता येईल अशी वाट एप्रिलच्या दुपारी तरण्या माणसालाही आडवं करू शकते. वाट तीच असली तरी महिना बदलला की तिचा वर्ग बदलतो.

आणि आपल्याला झेपतंय का, याची परीक्षा यंत्राशिवाय होते. चढताना सोबत्याशी बोलता येत असेल तर चाल बरोबर आहे. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं की चाल कमी करावी. शब्दच फुटत नसेल तर बसावं.

सोप्यापासून अवघडापर्यंत

या मोजपट्टीनं तिसगावच्या आसपास आणि थोडं लांबवर पाहिलं तर प्रत्येक पायरीवर एकेक वाट सापडते.

ज्यांना चालणंच कठीण आहे त्यांनी नगर–पाथर्डी रस्त्यावरच्या शहा डोंगरापासून सुरुवात करावी. वरची अष्टकोनी तिमजली वास्तू लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखतात. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. त्याचा मृत्यू १५८९ चा. सुमारे सत्तर फूट उंचीची ही इमारत नगर शहरातून दिसते. गाडी थेट वर जाते. वास्तूजवळ पायऱ्या आहेत, पण त्या न चढताही बाहेर बसून नगरचा सगळा परिसर न्याहाळता येतो. डोंगराच्या माथ्यावरचा वारा घ्यायला चढलंच पाहिजे असं थोडंच आहे?

दुसऱ्या पायरीवर वृद्धेश्वर. डोंगराच्या कुशीत देऊळ आहे, तिथपर्यंत रस्ता आहे आणि परिसरात झाडी आहे. लहान मुलं, गरोदर बाई, आजारातून उठलेला माणूस अशांना सावलीत रमतगमत फिरायला ही जागा योग्य. श्रावणात, विशेषतः सोमवारी, गर्दी असते. शांतपणे फिरायचं तर इतर वार निवडावा. ज्यांना आणखी थोडं हवं त्यांना देवळामागच्या उतारावर घटकाभर चढता येतं. पावसाळ्याच्या अखेरीस तिथं तरवडाची पिवळी फुलं आणि सीताफळाची झुडपं भेटतात.

तिसरी पायरी मढीची. कानिफनाथांचं देवस्थान टेकडीवर किल्ल्यासारखं बांधलेलं आहे. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून येसूबाईंनी इथं नवस केला होता आणि १७०७ मध्ये ते सुटल्यावर हे बांधकाम झालं, अशी परंपरा आहे. वर जायला पायऱ्या आहेत. पायऱ्यांचा चढ छोटा पण उभा. गुडघेदुखी असलेल्यांनी चढताना नव्हे, उतरताना जास्त जपावं. कठड्याला हात द्यावा, पायरीवर किंचित तिरकं उतरावं. यात्रेच्या दिवसांत इथं चालणं आपल्या हाती राहत नाही, गर्दी नेईल तसं जावं लागतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी ते दिवस टाळलेले बरे.

चौथी पायरी मढीहून डोंगर ओलांडून मायंबाकडे जाणारी. ही खऱ्या अर्थानं डोंगरवाट आहे. चढ, पठार आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून पलीकडचा उतार असं सगळं तिच्यात येतं. रोज दोन-चार किलोमीटर चालणाऱ्याला ती सहज जमते, अट एवढीच की सकाळी लवकर निघावं, पाणी बरोबर घ्यावं आणि एकट्यानं जाऊ नये. पठारावर गुराख्यांच्या आणि मेंढपाळांच्या इतक्या वाटा एकमेकींत गुंततात की नवखा माणूस हमखास भलत्याच वस्तीवर उतरतो. मोबाईलवरचा नकाशा मदत करतो, पण मढीतला एखादा जाणता सोबतीला घेणं सगळ्यांत उत्तम. त्याच्या दिवसाचा योग्य मोबदला आधी ठरवून द्यावा.

पाचव्या पायरीसाठी नगर तालुक्यात डोंगरगण आणि मांजरसुंब्याकडे जावं. डोंगरगणची दरी, शेजारचा मांजरसुंबा गड, त्यावरचे निजामशाही वाड्याचे अवशेष आणि जवळचा गोरक्षनाथ गड यांत एक भरलेला दिवस जातो. हे सगळं जमलं की मग कळसूबाईच्या १६४६ मीटरचं आणि तिथल्या लोखंडी शिड्यांचं मनावर घ्यावं. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर ही याच जिल्ह्याची शेवटची पायरी आहे. पुष्कळजण ती पहिली समजून निघतात आणि दुसऱ्या शिडीवरच हात टेकतात.

ऊन, कुसळं आणि जनावरं

जुलै ते फेब्रुवारी हा इथला चालायचा काळ. श्रावण-भाद्रपदात डोंगर हिरवा असतो, पण गवताखालचा मुरूम आणि साप दोन्ही दिसत नाहीत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं असे चारही प्रमुख विषारी साप या कोरड्या मुलखात आढळतात. पायात पूर्ण झाकणारा बूट आणि हातात आपटत चालायला काठी, एवढ्यानं बहुतेक धोका टळतो. साप चावलाच तर बांधाबांधी, कापाकापी करू नये. माणसाला हालचाल न करू देता १०८ ला फोन लावावा आणि दवाखाना गाठावा. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळं कपड्यांत घुसतात. त्यांना जाड सुती कपडाच बरा, लोकरीच्या मोज्यातून ती निघता निघत नाहीत.

थंडीत तासाला अर्धा लिटर पाणी पुरतं. उन्हं तापली की तेच लिटरभर लागतं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, घामाबरोबर मीठ जातं. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, नाहीतर भाकरीबरोबर ठेचा आणि कांदा, यांनी ती तूट भरते. डोकं दुखायला लागणं, मळमळणं आणि घाम थांबणं या धोक्याच्या खुणा आहेत. अशा माणसाला लगेच सावलीत घ्यावं आणि अंगावर पाणी मारून वारा घालावा. बरळायला लागला तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावं.

डोंगरकड्यांवर आणि जुन्या देवळांच्या शिखरांवर आग्या मोहोळ असतं. त्याच्या खाली धूर करू नये, फटाका वाजवू नये, भडक अत्तर लावून जाऊ नये. बिबट्याची गोष्ट त्याहून गंभीर आहे. २०२० च्या पावसाळ्यानंतर पाथर्डी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. तेव्हापासून इथली माणसं तिन्हीसांजेला पोरांना अंगणातही एकटं सोडत नाहीत. बाहेरून आलेल्यांनी हाच नियम पाळावा. उजेड असतानाच खाली उतरावं, मुलांना रांगेत मागं-पुढं नव्हे तर मध्ये ठेवावं आणि गप्पा मारत चालावं. उन्हाळ्यात विडी-काडीचा एक ठिपका अख्खी टेकडी जाळतो. चाऱ्यासाठी राखलेलं गवत जळालं की नुकसान जंगलखात्याचं नसतं, शेजारच्या वस्तीवरच्या शेळ्यांचं आणि गुरांचं असतं.

एका फलकाचं काम

हे सगळं अमलात आणायला दोरवाट, काचेचा पूल किंवा कोट्यवधींचा आराखडा लागत नाही. पायथ्याला वाट सुरू होते तिथं एक फलक पुरे. त्यावर अंतर आणि चढ मीटरमध्ये. सवय नसलेल्या माणसाला लागणारा वेळ. पायाखाली पायऱ्या, मुरूम की कातळ. शेवटचं पिण्याचं पाणी कुठं. कोणत्या महिन्यांत दुपारी जाऊ नये. आणि अर्ध्यातून परत फिरायची जागा कोणती. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती वाचून आजीला, दमेकऱ्याला आणि पहिल्यांदा डोंगर पाहणाऱ्या पोराला कळतं की तिथपर्यंत गेलं तरी जाणं पूर्ण होतं.

ग्रामपंचायत, देवस्थान आणि वनविभाग यांनी मिळून असे फलक लावले आणि गावातल्या चार तरुण-तरुणींना प्रथमोपचार शिकवून वाटाडे म्हणून उभं केलं, तर यात्रेपुरता भरणारा हा डोंगर वर्षातले आठ महिने चार पैसे मिळवून देईल. ज्या तालुक्यातली माणसं दसरा झाला की कोयते घेऊन कारखान्यांची वाट धरतात, त्या तालुक्यात हिवाळ्यातला रोजगार ही छोटी गोष्ट नाही. आणि चालण्याचा हंगाम नेमका तोच आहे.